पॉवर स्टिअरिंगची पुली काढताना : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे पॉवर स्टिअरिंगच्या पंपाविषयी आहेत आणि त्यांतील बहुतेकांची अडचण पंपाच्या तोंडावरील पुलीपाशी येऊन थांबली आहे. म्हणून यावेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझी जुनी डिझेल गाडी असून स्टिअरिंगच्या पंपाचे तेल पुलीच्या मागच्या बाजूने गळते. शाफ्टचे ऑइल सील बदलावे लागेल असे मेकॅनिकने सांगितले. सीलपर्यंत पोहोचण्यासाठी पुली काढली पाहिजे. इंटरनेटवर मी ज्या चित्रफिती पाहिल्या त्यांत पुलीच्या मध्यभागी एक खास पुलर अडकवून ती ओढून काढतात. तसा पुलर मी मागवला, परंतु माझ्या पुलीवर तो बसत नाही. पकडायला खोबण नाही आणि मध्यभागी मोठा नट आहे. नट फिरवला की सगळी पुलीच फिरते. काय करावे? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : पुलर बसत नाही हे पाहून आपण थांबलात हे फार चांगले केलेत. पुली शाफ्टवर कशी धरून ठेवली आहे हे ओळखल्याशिवाय तिला कोणतेही हत्यार लावू नये, कारण पंपांमध्ये त्याच्या ठळक अशा तीन पद्धती आहेत आणि एका पद्धतीचे हत्यार दुसरीवर चालत नाही.

आपण पाहिलेल्या चित्रफिती बहुधा अमेरिकी मोटारींच्या असाव्यात. तेथील सॅगिनॉ बनावटीच्या पंपांत पुली नटाशिवाय, केवळ घट्ट दाबून शाफ्टवर बसवलेली असते. तिच्या मधल्या जाड भागाला, म्हणजे हबला, बाहेरून एक गोल खोबण असते आणि तो खास पुलर याच खोबणीला धरतो. दुसऱ्या पद्धतीत पुलीचे भोक शाफ्टवर चावीने (म्हणजे दोघांच्या खाचांत बसणाऱ्या लहान धातूच्या तुकड्याने) किंवा दातऱ्यांनी बसते आणि पुढून नट आवळलेला असतो. जपानी घडणीच्या अनेक गाड्यांत आणि आपल्याकडील बऱ्याच डिझेल गाड्यांत ही पद्धत आढळते. आपली पुली या प्रकारातली आहे. तिसऱ्या पद्धतीत शाफ्टवर एक वेगळी चकती कायमची बसवलेली असते आणि पुली तिला तीन किंवा चार लहान बोल्टांनी जोडलेली असते. ही सर्वांत सोपी आहे, तिला पुलर लागतच नाही.

पुलीला हात लावण्यापूर्वी आणखी एक खात्री करून घ्यावी. पुलीच्या मागे तेल दिसले म्हणजे सीलच गेले असे ठरत नाही. वरच्या टाकीचा जोड, परतीच्या नळीची क्लिप किंवा जास्त दाबाच्या नळीचा जोड यांतून गळलेले तेल खाली ओघळते, फिरणारी पुली ते चारी बाजूंना उडवते आणि मग सगळीकडेच तेल दिसू लागते. पंप धुऊन, पुसून, पूर्ण कोरडा करावा. इंजिन काही मिनिटे चालवून एका माणसाने स्टिअरिंग हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवावे आणि दुसऱ्याने पट्ट्यापासून हात व कपडे दूर ठेवून टॉर्चच्या उजेडात ओल पहिल्यांदा कोठे उमटते ते पाहावे. कित्येकदा एक क्लिप बदलून काम भागते आणि पुली आहे तिथेच राहते.

सीलच गेल्याचे निश्चित झाले तर इंजिन थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. त्यानंतर बहुतेक जण पहिल्यांदा पट्टा काढतात आणि मग नट सोडवायला जातात. आपली अडचण तेथेच झाली असावी. पट्टा ताणलेला असताना तोच पुलीला धरून ठेवतो, म्हणून नट प्रथम पट्ट्यासह सैल करावा आणि अर्धा-पाऊण फेरा सुटल्यावर मग पट्ट्याचा ताण कमी करावा. पट्टा तेलाने भिजून घसरत असेल तर जुन्या पट्ट्याचा एक तुकडा, रेघांची बाजू आत ठेवून, पुलीभोवती गुंडाळावा आणि त्याची दोन्ही टोके लॉकिंग पकडीत घट्ट धरावीत. पट्टी-पाना मिळाला तर उत्तमच. पुलीच्या भोकातून पेचकस किंवा टॉमी (लोखंडी दांडा) घालून ती पंपाच्या अंगावर टेकवणे मात्र कटाक्षाने टाळावे. पंपाचे अंग बहुधा ओतीव ॲल्युमिनियमचे असते; नटाला लावलेला सगळा जोर त्या एका टोकावर येतो आणि पंपाच्या अंगाचा कान, म्हणजे बाहेर आलेला भाग, तुटतो. मग सीलच्या किमतीचे काम नव्या पंपावर जाते.

नट निघाल्यावर त्यामागील वॉशर कोणत्या क्रमाने होते ते लक्षात ठेवावे. शाफ्ट सरळ असेल तर पुली हाताने हलवत हलवत बाहेर येते. शाफ्ट निमुळता असेल तर ती सहजी सुटत नाही. अशा वेळी नट परत दोन-तीन आट्यांवर चढवून ठेवावा, म्हणजे पुली एकदम सुटली तरी उडणार नाही आणि शाफ्टच्या टोकावरील आटेही जपले जातील. हबला आटे असलेली दोन भोके असतील तर बोल्ट लावून ओढणारा पुलर वापरावा. नसतील तर दोन पायांचा लहान पुलर पुलीच्या आऱ्यांमधून आत घालून त्याचे पाय हबच्या मागे अडकवावेत. या सबंध कामाचे एकच सूत्र आहे : ओढायचे ते हबला, दाबायचे ते शाफ्टच्या टोकाला. पुलीची कड आणि पंपाचे अंग या दोन्हींवर जोर येता कामा नये.

पुली निघताना अर्धचंद्राकृती लहान चावी खाली पडून इंजिनच्या सांदीत हरवते, म्हणून खाली फडके पसरून ठेवावे. नवे सील चढवताना चावीच्या खाचेवर पातळ टेप गुंडाळावी, नाहीतर खाचेची धारदार कड सीलचा ओठ पहिल्याच मिनिटाला कापते. जुने सील उचकटताना शाफ्टवर ओरखडा उमटला तर नवे सीलही गळत राहते. तेव्हा या एका पायरीवर अजिबात घाई करू नये.

प्रश्न : माझ्या गाडीच्या पंपाला मध्यभागी नट नाही. शाफ्टचे टोक हबच्या पातळीत दिसते आणि त्यात आटे असलेले भोक आहे. ही दाबून बसवलेली पुली आहे असे मी समजतो. ती काढण्याची व परत बसवण्याची नेमकी रीत सांगावी. पुलर मडगावात सगळीकडे मिळत नाही. तो लेथवर करून घेता येईल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आपले निदान बरोबर आहे. अशा पुलीचे भोक शाफ्टपेक्षा मिलिमीटरच्या काही शतांश भागांनी लहान केलेले असते आणि त्या घट्टपणावरच ती टिकून राहते. चावी नाही, नट नाही. जी पकड आहे ती केवळ दोन धातूंमधील दाबाची. म्हणून ती सरळ रेषेत, सावकाश आणि आडवा हिसका न देता निघाली पाहिजे.

पट्टा काढण्यापूर्वी तो कोणत्या पुलीवरून कसा गेला आहे याचे चित्र कागदावर काढून ठेवावे. मोबाइलवर छायाचित्र घेतले तरी चालते, पण अंधाऱ्या सांदीतले छायाचित्र पुढे फारसे उपयोगी पडत नाही. त्यानंतरचे माप माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तेच बहुतेक जण घेत नाहीत : शाफ्टचे टोक हबच्या तोंडापासून किती आत किंवा बाहेर आहे ते व्हर्नियर कॅलिपर या मोजण्याच्या साधनाच्या मागच्या पट्टीने मोजून लिहून ठेवावे. अनेक पंपांत ही दोन्ही तोंडे एका पातळीत असतात, परंतु सर्वच पंपांत तसे नसते. नवी पुली एक-दोन मिलिमीटर मागेपुढे बसली तरी पट्टा तिरका धावतो, चिवचिवतो आणि त्याच्या कडा झिजू लागतात.

जोडावर गंज सोडवणारे तेल सोडून काही वेळ थांबावे. पुलरचे दोन अर्धगोल हबच्या खोबणीत पूर्ण बसवावेत आणि त्यांवर बाहेरची नळी सरकवावी, म्हणजे ते उघडणार नाहीत. खोबणीत गंज किंवा मळ असेल तर तो तारेच्या ब्रशने आधी काढावा. अर्धगोल अर्धवट बसले तर जोर लागताच खोबणीची कड तुटते आणि मग त्या पुलीला धरायला काही उरत नाही. मधल्या स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावावे, त्याचे टोक शाफ्टच्या बरोबर मध्यावर टेकवावे, एका पान्याने पुलरचे अंग धरून दुसऱ्या पान्याने स्क्रू फिरवावा. पहिल्या फेऱ्याला मोठा कट्ट आवाज होऊन पुली हलते. तो ऐकून घाबरू नये, पकड सुटल्याची ती खूण आहे. हवेवर चालणारी गन येथे लावू नये. तिच्या ठोक्यांनी पुलरचे आटे खराब होतात आणि तेच ठोके शाफ्टमार्गे पंपाच्या आतही जातात.

पंपाच्या आत एक रोटर असतो. त्याच्या खाचांत पातळ पट्ट्या सरकतात आणि रोटरच्या दोन्ही बाजूंच्या तबकड्यांशी त्याचे अंतर अतिशय कमी राखलेले असते. या कमी अंतरामुळेच पंप ७० ते १०० बारपर्यंतचा दाब निर्माण करू शकतो. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारला तर तो धक्का थेट या तबकड्यांवर आणि त्यांना अडवणाऱ्या कड्यांवर जातो. पुली काढताना हातोडा मारणारे थोडे असतात, पण बसवताना लाकडाचा ठोकळा मध्ये धरून ठोकणारे पुष्कळ आहेत. ठोकळ्याने पुलीला चरा पडत नाही, पंपाला मात्र तेवढाच धक्का बसतो.

म्हणून बसवतानाही स्क्रूचाच उपयोग करावा. शाफ्टमधील आट्यांचे भोक त्यासाठीच ठेवलेले असते. बसवण्याच्या हत्याराचा बोल्ट त्या भोकात बोटांनी फिरवून पूर्ण आत जातो का ते पाहावे. बोटांनी जात नसेल तर आटे वेगळे आहेत असे समजून थांबावे. सॅगिनॉ पंपांत बहुधा ३/८ इंची, इंचाला १६ आट्यांचा बोल्ट लागतो, तर इतर पंपांत मेट्रिक आटे असतात. मेट्रिक बोल्ट इंची भोकात पान्याने घुसवला की शाफ्ट वाया गेला. बोल्ट तीन-चार आट्यांवर न ठेवता तळापर्यंत बसवावा, मग बेअरिंगवर टेकलेल्या नटाने हब हळूहळू आत दाबावा आणि लिहून ठेवलेल्या मापाशी थांबावे.

लेथवर पुलर करून घेणे शक्य आहे. वेर्णा किंवा कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतींजवळचा जाणता टर्नर खोबणीचे माप घेऊन दोन अर्धगोल करून देईल. परंतु ते साध्या नरम पोलादाचे केले तर पहिल्याच जोरात पसरतात, म्हणून कडक पोलाद वापरायला त्याला आवर्जून सांगावे. एका कामासाठी एवढा खर्च करण्यापेक्षा पंप पुलीसकट उतरवून, ज्या गॅरेजकडे पुलर आहे तेथे नेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. बऱ्याच पुलींना भोके ठेवलेली असतात ती पंपाच्या बोल्टांपर्यंत सॉकेट पाना पोहोचावा म्हणूनच, त्यामुळे पंप उतरवण्यासाठी पुली काढावीच लागते असे नाही.

एक सूचना नव्या पुलीविषयी. दाबून बसवलेली पुली प्रत्येक वेळी काढताना तिचे भोक किंचित घासले जाते. हाताच्या हलक्या दाबाने शाफ्टवर सरकणारी जुनी पुली परत वापरू नये आणि ती घट्ट बसावी म्हणून चिकटद्रव्य ओतणे किंवा भोकाला पंचाने ठोके देणे हे उपायही करू नयेत. चालत्या इंजिनवर पुली सुटली तर ती रेडिएटर फोडू शकते.

प्रश्न : एका गॅरेजमध्ये पंपाची पुली तीन पायांच्या साध्या पुलरने काढली. गाडी घरी आणल्यावर पाहिले तर पुली फिरताना डुलते आणि पट्टा दोनदा उतरला. ती ठोकून सरळ करता येईल का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : करता येणार नाही; पुली बदलावी. पत्र्याच्या पुलीची कड पातळ असते. पुलरचे पाय कडेला अडकवून मध्यावर जोर दिला की हब हलण्यापूर्वी कड पुढे वाकते. ठोकून ती डोळ्यांना सरळ दिसेल इतपत करता येते, परंतु अनेक रेघांच्या पट्ट्याला लागणारी अचूकता त्यातून परत येत नाही. प्लॅस्टिकच्या मिश्रणाच्या पुलीला तर अशा वेळी तडा जातो आणि तो काही आठवड्यांनी उघडा पडतो.

बदलण्यापूर्वी डुलणे पुलीचे आहे की पंपाच्या शाफ्टचे ते पाहून घ्यावे. इंजिन बंद ठेवून, पट्टा काढून, पुली वरखाली आणि पुढेमागे हलवावी. शाफ्टच हलत असेल किंवा फिरवताना खरखर लागत असेल तर आतील बेअरिंग किंवा बुश झिजले आहे आणि नव्या पुलीने दुखणे जाणार नाही. नवी पुली बसवल्यावर एक सरळ लोखंडी पट्टी शेजारच्या पुलीच्या तोंडावर ठेवून दोन्ही पुलींच्या रेघा एका रेषेत आहेत का ते तपासावे. उतरलेला पट्टा पुन्हा वापरू नये. उतरताना त्याच्या आतील दोरे तुटतात आणि ते बाहेरून दिसत नाहीत.

प्रश्न : आमचे घर समुद्रापासून अगदी जवळ आहे. गाडी सबंध पावसाळाभर उघड्यावर उभी होती. आता पुली शाफ्टवर गंजून इतकी घट्ट झाली आहे की नट काढूनही ती जागची हलत नाही. गॅसच्या बत्तीने तापवून काढावी असे एकाने सुचवले आहे. (एक वाचक, पेडणे)

उत्तर : बत्ती लावू नये. पुलीच्या मागे काही मिलिमीटरवर रबराचे सील आहे, त्याच्या आत तेल आहे आणि शेजारी तेलाच्या रबरी नळ्या आहेत. स्टिअरिंगचे तेल पेट घेते आणि गळका पंप असेल तर बाहेरील मळातही ते मुरलेले असते. इंजिनच्या सांदीत लागलेली आग आटोक्यात आणणे सोपे नसते. शिवाय पुलीबरोबर शाफ्टही तापतो आणि फुगतो, त्यामुळे अपेक्षित सैलपणाही पुरता येत नाही.

गंजलेल्या लोखंडाचा फुगारा मूळ लोखंडापेक्षा अधिक असतो आणि तो शाफ्ट व भोक यांमधील जागा भरून टाकतो. गोव्याच्या किनारपट्टीत खारी हवा आणि जून ते सप्टेंबरपर्यंतची ओल एकत्र येत असल्यामुळे उभ्या गाडीत हे फार लवकर घडते. चालत्या गाडीत इंजिनची ऊब ओल सुकवते. झाकण टाकून उभ्या केलेल्या गाडीत ती झाकणाखालीच कोंडून राहते. म्हणून अशी गाडी पावसाळ्यात अधूनमधून इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवणे हे तिच्यावर नुसते प्लॅस्टिक ओढण्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

आता उपाय. गंज सोडवणारे चांगले तेल हबच्या दोन्ही तोंडांशी सोडावे आणि रात्रभर राहू द्यावे; सकाळी पुन्हा सोडावे. घाई नसेल तर दोन-तीन दिवस हेच करत राहावे. पंप उतरवता येत असेल तर पुलीचे तोंड वर करून उभा ठेवावा, म्हणजे तेल जोडात उतरते. त्यानंतर हबला धरणारा पुलर लावून स्क्रू आवळावा, ताण चढल्यावर थांबावे, थोड्या वेळाने आणखी पाव फेरा द्यावा. असा ताण देऊन वाट पाहिली की गंजलेला जोड बहुधा आपणहून सुटतो. ताण चढलेला असताना पुलीच्या समोर तोंड नेऊ नये. याउपर सुटली नाही तर पंप पुलीसह यांत्रिक प्रेस असलेल्या कार्यशाळेत द्यावा.

निघालेली पुली परत वापरण्यापूर्वी तिच्या रेघा बोटाने चाचपून पाहाव्यात. रेघांत खड्डे पडले असतील तर ती कानशीसारखी नवा पट्टा खाते. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने निघत असेल तर हरकत नाही. चावीवर बसणाऱ्या शाफ्टला बसवताना गंजरोधक ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि तो रेघांपर्यंत पोहोचणार नाही याची काळजी घ्यावी.

प्रश्न : माझ्या छोट्या गाडीला पॉवर स्टिअरिंग आहे, परंतु पंप किंवा पुली कोठेच सापडत नाही. (एक वाचक, डिचोली)

उत्तर : आपल्या गाडीचे स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालणारे आहे. त्यात पंप, तेल, पट्टा व पुली यांपैकी काहीच नसते. प्रवासी मोटारीत तेलाच्या दाबावरील पॉवर स्टिअरिंग प्रथम १९५१ साली क्रायस्लरच्या इंपीरियलमध्ये मिळू लागले आणि विजेवरील स्टिअरिंग १९८८ साली सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या मोटारीत आले. आज आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींत दुसरा प्रकार आहे. क्वालिस, पहिली इनोव्हा, बोलेरो यांसारख्या गाड्यांत पहिला.

प्रश्न : पुली तुटली म्हणून पट्टा काढून टाकला आहे. नवी पुली बेळगावला मिळते. पॉवर स्टिअरिंगविना चोर्ला घाटातून गाडी नेता येईल का? स्टिअरिंग जड होईल एवढेच ना? (एक वाचक, वाळपई)

उत्तर : नेऊ नये, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. स्टिअरिंगचा चाकांशी असलेला यांत्रिक जोड पंपाशिवायही कायम राहतो, त्यामुळे सपाट रस्त्यावर ते केवळ जड होते हे खरे आहे. परंतु घाटाच्या वळणांवर, समोरून अवजड वाहन आले असताना, ते जडपण निराळे ठरते.

त्याहून मोठा प्रश्न हा की आपण काढलेला पट्टा आणखी काय काय फिरवत होता? स्टिअरिंगच्या पंपाला स्वतंत्र पट्टा असेल तर बाकीचे भाग चालू राहतात. एकच लांब पट्टा सगळ्यांना असेल तर अल्टरनेटर बंद पडतो आणि अनेक इंजिनांत पाण्याचा पंपही थांबतो. अशी गाडी काही मिनिटांतच तापते. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत याहून गंभीर गोष्ट आहे. ब्रेकला साहाय्य करणारा व्हॅक्यूम पंप त्यांत अल्टरनेटरच्याच पाठीला जोडलेला असतो. पट्टा नसला की अल्टरनेटर फिरत नाही, व्हॅक्यूम तयार होत नाही आणि साठलेला व्हॅक्यूम ब्रेक दोन-चार वेळा दाबताच संपतो. त्यानंतर पेडल दगडासारखे घट्ट होते आणि उतारावर गाडी थांबवायला सगळे बळ लावावे लागते. आपली गाडी या प्रकारची आहे की नाही हे अल्टरनेटरच्या मागे रबरी नळ्या जातात का यावरून आपल्याला पाहता येईल, परंतु काहीही दिसले तरी गाडी घरी ठेवून बसने जावे आणि पुली घेऊन यावे. जुनी पुली बरोबर न्यावी. रेघांची संख्या, व्यास, भोकाचे माप आणि हबची खोली ही चारही मापे दुकानातच ताडून पाहावीत.

प्रश्न : सील आणि पुली बदलल्यानंतर स्टिअरिंग फिरवताना पंप घुमतो. टाकीतील तेल फेसाळ दिसते. शिवाय फेरीबोटीवर गाडी वळवून लावताना पट्टा किंचाळतो. पुली चुकीची बसली असेल का? (एक वाचक, चोडण)

उत्तर : आपण दोन वेगळ्या तक्रारी लिहिल्या आहेत. घुमणे आणि फेस हे तेलात हवा राहिल्याचे लक्षण आहे, त्याचा पुलीशी संबंध नाही. पंप उघडला की हवा आत जाते आणि ती काढावी लागते. टाकीत तेल खुणेपर्यंत भरावे, पुढची दोन्ही चाके जमिनीपासून उचलावीत आणि इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पुष्कळ वेळा फिरवावे. तेल उतरत जाईल तसे भरत राहावे. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून हीच क्रिया करावी आणि टोकाला स्टिअरिंग दाबून धरू नये. तरीही फेस राहिला तर गाडी काही तास उभी ठेवून पुन्हा करावे. त्यानंतरही हवा येत असेल तर टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीची क्लिप किंवा नवे सील यांतून ती ओढली जात आहे.

चाके उचलण्याविषयी मुद्दाम लिहितो. आपल्याकडे अंगणात चिरे सहज मिळतात आणि गाडीखाली चिऱ्याचा आधार देणारे मी अनेकदा पाहिले आहेत. चिरा भिंतीत सर्व बाजूंनी भार पेलतो; गाडीच्या चासीच्या अरुंद कडेखाली तो पूर्वसूचना न देता फुटतो आणि पावसात भिजलेला चिरा तर अधिकच लवकर. जॅकखाली जाड फळी आणि गाडीखाली लोखंडी स्टँड, याशिवाय खाली हात घालू नये.

पट्टा किंचाळण्याची तक्रार मात्र पुलीशी निगडित असू शकते. गाडी जागच्या जागी उभी ठेवून चाके पूर्ण वळवणे हा पंपावरील सर्वांत मोठा भार असतो आणि फेरीबोटीवर तेच वारंवार करावे लागते. पट्टा सैल असेल, त्यावर तेल सांडलेले असेल किंवा पुली मागेपुढे बसली असेल, तर याच वेळी तो घसरतो. सील गळत असताना भिजलेला जुना पट्टाच परत लावला असेल तर प्रथम तो बदलावा, कारण तेल शोषलेले रबर धुऊन पूर्ववत होत नाही. पट्ट्यावर पावडर, साबण किंवा ग्रीस लावून आवाज बंद करण्याचा प्रयत्न करू नये. नव्या पट्ट्यानंतरही आवाज राहिला तर लोखंडी पट्टीने पुलींची रेषा पाहावी. फरक आढळला तर पुली स्क्रूच्या हत्यारानेच मागे किंवा पुढे आणावी.

तेल कोणते घालावे हे टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. काही गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरचे तांबडे तेल चालते, काहींना स्वतंत्र प्रकारचे तेल लागते आणि ब्रेकचे तेल चुकून घातले तर पंपातील सगळी रबरी सीले फुगून निकामी होतात. काढलेले जुने तेल डब्यात साठवून, वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. चोडणसारख्या बेटावर ते गटारात ओतले तर पहिल्याच सरीत खाजनात (खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतजमिनीत) आणि विहिरीत उतरते.